कऱ्हेच्या खोऱ्याचा पट आणि अडलेली शेपफाइल: माझा अनुभव

गावांच्या हद्दींची डिजिटल फाइल (शेपफाइल) सरकारी कार्यालयातून हवी असेल, तर कार्यालयाचा छापील ‘डेटा मागणी अर्ज’ भरत बसू नका. सरळ माहितीच्या अधिकारात मागा. त्या छापील अर्जातल्या ‘उद्देश’ या एका रकान्यापायी माझा अख्खा पावसाळा गेला. राग अजून उतरलेला नाही, म्हणूनच हे लिहिते आहे.

मी जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करते आणि सुट्टीच्या दिवशी बोर्ड गेम खेळते. आमच्या कंपूत युरोपातली शेती, अमेरिकेतले रेल्वेमार्ग, कुठल्या कुठल्या बेटांवरचा व्यापार असं सगळं खेळून झालं होतं. मग आपल्याकडच्या पाण्याचा खेळ करावा असं डोक्यात आलं आणि कऱ्हेचं खोरं निवडलं. पुरंदरच्या डोंगरांत उगम, पुढे सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती आणि शेवटी नीरा नदी. पश्चिमेला पाऊस बरा, पूर्वेकडे जावं तसा तो आटत जातो. शिवाय याच पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची ४० एकर जमीन घेऊन काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम वाचताना मला ते खेळाचेच नियम वाटले. पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळणार. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही.

आमच्या खेळात प्रत्येक भिडू एक गाव घेतो. पावसाचं पान उघडतं, पाणी वरच्या गावाकडून खालच्या गावाकडे वाहतं, आणि कुणी किती अडवायचं, काय पेरायचं हे ठरतं. एक डाव ‘जमीन तितकं पाणी’ या नियमाने आणि दुसरा ‘माणसं तितकं पाणी’ या नियमाने. पाऊस दोन्हीकडे तोच. म्हणून मला गावाची लोकसंख्या हवी होती आणि गावाची खरी हद्द हवी होती. पटावर षट्कोन आखून भागलं असतं असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण षट्कोनात उतार कुणाच्या वाट्याला आला आणि ओढा कुणाच्या, हे कळतच नाही. खरी हद्द ओढ्यांच्या जाळ्यावर ठेवली की दिसतं, एका गावाकडे सगळा माळ आणि डोंगराची कड, तर शेजारच्या गावाकडे पाण्याचा काठ. माझ्या मते सगळा खेळ त्या फरकात आहे.

बाकीची सामग्री घरबसल्या मिळाली. जमिनीच्या उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचं ३० मीटरचं मॉडेल घेतलं. एसआरटीएम हे अमेरिकी मॉडेलही चालतं, पण ते फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या मोहिमेतलं आहे आणि तीव्र उतारांवर त्यात भोकं असायची, पुढच्या आवृत्त्यांत ती बुजवलेली आहेत. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचं मॉडेलही आहे. पाऊस भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून: पाव अंशाच्या चौकटींत १९०१पासूनचा रोजचा पाऊस, फुकट. आमच्या पावसाच्या पानांचा गठ्ठा त्यातूनच केला. प्रत्येक पान म्हणजे खरं घडलेलं एक वर्ष. लोकसंख्या २०११च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून, गावनिहाय. रस्ते आणि देवळं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून.

राहिल्या हद्दी. लोकांनी गोळा करून खुल्या केलेल्या गावहद्दी मिळतात, डेटामीट या खुल्या डेटासाठी झटणाऱ्या गटाच्या मंडळींनी त्यावर बरंच काम केलं आहे आणि घाई असेल तर तिथूनच सुरुवात करावी. मला मात्र अधिकृत हद्द हवी होती. खेळ पुढेमागे शाळांमध्ये न्यायचा होता आणि तिथे “हे आमचं शिवार नाही” असं कुणी म्हटलं, तर दाखवायला कागद हवा.

म्हणून एका कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. टेबलावरच्या माणसाने सभ्यपणे अर्ज दिला. नाव, पत्ता, संस्था, तालुका, स्तर, उद्देश. उद्देशापुढे तीनच पर्याय छापलेले: शासकीय काम, संशोधन, व्यावसायिक. मी खाली रेघ ओढून ‘शैक्षणिक खेळ’ असं लिहिलं. त्यांनी वाचलं, मला बसायला सांगितलं, अर्ज घेऊन आत गेले आणि परत आले. “मॅडम, खेळासाठी डेटा देत नाही.”

देत नाही असा नियम कुठे आहे, विचारलं. नियम नव्हता, ‘प्रथा’ होती. मग सांगितलं गेलं की ‘संशोधन’वर खूण करा, पण मग विद्यापीठाच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांचं पत्र आणा. मी विद्यापीठात नाही. मग ‘व्यावसायिक’वर करा, पण मग कंपनीची नोंदणी लागेल. कंपनीही नाही. मी नागरिक आहे, इतकंच. त्या अर्जात नागरिकासाठी चौकोनच नव्हता.

पुढच्या खेपेला साहेब रजेवर. त्यापुढच्या खेपेला साहेब होते, तर फाइल ‘वर’ गेलेली. मग एकदा कुणीतरी सुरक्षेचा मुद्दा काढला. गावाची हद्द! जी सातबाऱ्याच्या गावी प्रत्येकाला पाठ असते, जिच्यावर पाटी लावलेली असते. तेव्हा मात्र मी उभ्याउभ्या १५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्राच्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचना मोबाइलवर काढून दाखवल्या. त्यांत स्पष्ट आहे की गोपनीय डेटा सोडला, तर सार्वजनिक पैशातून तयार झालेला भूस्थानिक डेटा भारतीय घटकांना वापरावर बंधन न घालता सहज उपलब्ध करून द्यावा. आणि ‘भारतीय घटक’ याच्या व्याख्येत भारतीय नागरिक पहिल्याच ओळीत आहे. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “बरोबर आहे मॅडम, पण आमच्याकडे तसं पत्र आलेलं नाही.”

हे वाक्य ऐकलं आणि मी हेलपाटे थांबवले. खरं तर तिथल्या कुणाशीच माझं वाकडं नव्हतं. चहासुद्धा पाजला त्यांनी. पण ज्या माणसाला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कागदावर दिसत नाही, तो ‘नाही’ म्हणत राहतो. त्याच्याशी वाद घालून फाइल हलत नाही, त्याच्यासमोर असा कागद ठेवावा लागतो की ज्यावर ‘नाही’ म्हणायला त्याला कारण लिहावं लागेल. तो कागद म्हणजे माहितीचा अर्ज.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) सगळ्यांनी पाठ करावं. माहिती का हवी हे अर्जदाराला विचारता येत नाही, संपर्कापुरता तपशील सोडून काही मागता येत नाही. ज्या रकान्यात मी इतके दिवस अडकले होते, तो रकानाच इथे नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, अर्ज दिला, आवक शिक्का घेतला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून पुरंदर आणि बारामतीच्या हद्दी एका अर्जात मागितल्या, आणि त्या कोणत्या वर्षी, कोणत्या मूळ नकाशावरून तयार झाल्या हे दुसऱ्या अर्जात. मजकूर छोटा ठेवा. मी लिहिलं होतं: “गावांच्या हद्दींची डिजिटल फाइल, ज्या स्वरूपात कार्यालयाच्या संगणकात आहे त्याच स्वरूपात, सीडी किंवा पेनड्राइव्हवर.”

तिसाव्या दिवसाच्या आत उत्तर आलं, ते मान्य करायला हवं. पाकिटात ए-फोर कागदावर तालुक्याच्या नकाशाची काळीपांढरी झेरॉक्स, वर गोल शिक्का आणि सही. प्रमाणपट्टी झेरॉक्समध्ये कापली गेलेली. त्या कागदाचं काय करायचं? हद्दी पुसट, गावांची नावं एकमेकांवर चढलेली. मी तो कागद टेबलावर ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले. फाइल त्यांच्या संगणकात आहे, ती छापून, तिची झेरॉक्स काढून, शिक्का मारून पाठवायला तिची प्रत काढण्यापेक्षा जास्त श्रम पडले असणार.

अपील केलं. कलम १९(१), उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करावं लागतं. त्यात दोनच मुद्दे मांडले. कलम २(ञ) प्रमाणे संगणकातली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळण्याचा हक्क आहे. कलम ७(९) प्रमाणे माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तरच सूट. फाइलची प्रत काढण्यात यांतलं काहीच नाही. भावनेचं एक वाक्य लिहिलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. सुनावणीत ते कुणी वाचत नाही.

सुनावणी अगदी थोडक्यात झाली. अपिलीय अधिकारी बाईंनी ऑपरेटरला बोलावून विचारलं, “ही फाइल आहे का आपल्याकडे?” तो म्हणाला, “आहे ना मॅडम, रोज वापरतो.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जन माहिती अधिकाऱ्यांकडे, आणि आदेश सांगायला सुरुवात केली. सीडी हातात पडली त्या दिवशी घरी जाताना मी सासवडपर्यंत उगाच गाडी फिरवून आले. इतका आनंद झाला होता.

सीडी मिळाल्यावर लगेच उघडून बघा, महिन्याने नाही. माझ्या फाइलबरोबर पीआरजे नव्हती, म्हणजे निर्देशांक कोणत्या पद्धतीतले हे फाइल सांगत नव्हती. अशा वेळी आकडे वाचायचे. पूर्वेचे आकडे पावणेचार ते पावणेपाच लाखांच्या घरात आणि उत्तरेचे वीस लाखांच्या आसपास होते. या भागात असे आकडे म्हणजे यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक पद्धत. तसं लावून नाझरे धरणाची भिंत आणि मोरगावचा रस्ता यांच्याशी ताडून पाहिलं, जुळलं. सगळंच एका दिशेला सरकलेलं दिसलं तर भारतातल्या जुन्या नकाशांच्या एव्हरेस्ट पद्धतीचा संशय घ्या. गावांची नावं युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होती, त्यामुळे ती अगम्य अक्षरांची माळ होऊन आली. नावांवर वेळ घालवू नका, जनगणनेचा गावकोड असलेला रकाना शोधा आणि त्यावरून लोकसंख्या जोडा.

हे आधी सांगायला हवं होतं: माहितीच्या अर्जाची, उत्तराची, आदेशाची प्रत स्कॅन करून फाइलच्या शेजारीच ठेवा. डेटा कुठून आला याचा तोच पुरावा. आणि ओपनस्ट्रीटमॅपचं काही वापरलं तर पटाच्या कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ असं छापायलाच हवं. छापलेल्या नकाशाला हा उल्लेख आणि openstreetmap.org/copyright हा पत्ता पुरतो. पण त्यात भर घालून तयार केलेला डेटाबेस इतरांना देणार असाल, तर तो त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. मी म्हणूनच रस्त्यांचा आणि हद्दींचा थर वेगवेगळा ठेवला आहे.

पट छापायला अवघड काही नाही. व्हिनाइलवर छापून सनबोर्डवर चिकटवून घेतला, मधोमध पाठीमागून अर्धा काप देऊन घडी केली. चकाकी नको म्हणून मॅट लॅमिनेशन सांगा, नाहीतर दिव्याखाली ओढे दिसत नाहीत. सोंगट्या लाकडी, पाण्याच्या थेंबांसाठी निळे मणी.

पहिल्या डावांतच वरच्या गावाच्या भिडूने सगळं अडवून ऊस लावला आणि खालच्यांनी त्याला धारेवर धरलं. माणशी वाटपाच्या डावात तोच भिडू बंधाऱ्याचा खर्च वाटून घ्यायला सगळ्यांच्या मागे लागला होता. सध्या विहिरींचं पान नाही, ते घालायचं आहे. भूजल पातळीचे आकडे इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्राच्या पाणीविषयक संकेतस्थळावर मिळतात, ते उतरवून घेतले आहेत. गावातल्या विहिरींची यादी मात्र तिथे नाही. त्यासाठीचा अर्ज लिहून तयार आहे, १५० शब्दांच्या आत, सोमवारी देते.