बेनचा नाश्ता कुणाच्या खात्यात?

गेल्या दिवाळीपासून रविवारची सकाळ मी गरिबी आणि विषमता कशी मोजतात हे शिकायला ठेवली आहे. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं हिशेब लिहितेय, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. अडले ती दांडिया बाजारातल्या आमच्याच स्वयंपाकघरात.

सरावासाठी एका घराचा खर्च सरकारी सर्वेक्षणात विचारतात तसा लिहून काढायचा होता. आमच्याकडे बारा वर्षं कामाला येणाऱ्या बेनना (गुजरातीत बेन म्हणजे ताई) विचारलं, त्या हो म्हणाल्या. त्यांच्या घरात पाच माणसं. भाजी, फळं, तेल यांचा खर्च गेल्या 7 दिवसांचा विचारायचा, तांदूळ-डाळ-साखरेचा 30 दिवसांचा, कपडे आणि शाळेच्या फीचा 365 दिवसांचा. असं का, ते बेन बोटांवर मोजायला लागल्या तेव्हा कळलं. बुधवारी अर्धा किलो वांगी, शुक्रवारी दहा रुपयांची मेथी, हे त्यांना लख्ख आठवत होतं. पण महिन्याची भाजी विचारली असती तर निम्मी राहून गेली असती. उलट पोरांचे गणवेश जूनमध्ये शिवले. त्यांचा खर्च ऑगस्टमध्ये ‘गेल्या महिन्यात किती?’ म्हणून विचारलं तर शून्यच येणार.

महिन्याची बेरीज 21,400 रुपये आली. माणशी 4,280. 2023-24 च्या सर्वेक्षणात देशाच्या शहरी भागाची सरासरी माणशी 6,996 रुपये होती.

वही मिटताना बेन म्हणाल्या, ‘अने तमारे त्यां खाऊं छूं ए?’ (आणि तुमच्याकडे खाते ते?) रोज सकाळी आमच्याकडे त्यांचा चहा आणि दोन भाखऱ्या होतात. पंचवीस रुपये धरले तर सव्वीस दिवसांचे 650. ते धरून माणशी 4,410 होतात. पण सर्वेक्षणाची रीत अशी, की शिजलेलं अन्न ज्या घरात शिजलं त्या घराच्या खर्चात लिहायचं. खातात बेन, आणि कागदावर खाणं वाढतं आम्हा चौघांचं. दोनदा मोजणी होऊ नये म्हणून ही रीत आहे, आणि हिशेबनीस म्हणून ती मला पटते. तरी हात अडखळला. गावोगावची अशी घरं एकत्र केली की कष्टकऱ्यांचं खाणं कमी दिसतं आणि कामाला माणसं ठेवणाऱ्यांचं जास्त.

दुसरी गोष्ट मी कित्येक दिवस मनात घोळवली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी शहरांची देशपातळीवरची दारिद्र्यरेषा होती माणशी महिना 1,000 रुपये. समजा दोनच माणसं आहेत, एकाचा खर्च 980, दुसऱ्याचा 600. दुसऱ्याकडचे 30 रुपये काढून पहिल्याला द्या. पहिला 1,010 वर जाऊन रेषा ओलांडतो, गरिबांची संख्या निम्मी होते, आणि सगळ्यात गरीब माणूस 570 वर घसरलेला असतो! नुसती डोकी मोजली तर ही सुधारणा ठरते. 1976 मध्ये अमर्त्य सेन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. 1984 मध्ये फॉस्टर, ग्रीअर आणि थॉरबेक या अर्थतज्ज्ञांनी रेषेपासूनच्या तुटीचा वर्ग घेणारं सूत्र दिलं: प्रत्येकाची तूट रेषेच्या किती भाग आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची. ते मी वहीत हाताने सोडवलं. आधी 0.0802, नंतर 0.0925. आकडा वाढला, म्हणजे गरिबी वाढली. हे सूत्र मला माणसाच्या बाजूचं वाटतं.

गिनी गुणांकाबद्दल थोडक्यात. हा विषमतेचा आकडा: सगळ्यांचं सारखं असेल तर 0, सगळं एकाकडेच असेल तर 1. 2022-23 ते 2023-24 या एका वर्षात शहरी गिनी 0.314 वरून 0.284 वर आला. पण तो खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. श्रीमंत घर जे शिल्लक टाकतं ते यात येतच नाही, म्हणून या आकड्यावरून कुणी उत्पन्नातली दरी मिटली असं म्हणू नये, असं मला कळकळीने वाटतं.

दादाभाई नौरोजी 1874 मध्ये आमच्या याच बडोद्याचे दिवाण होते. 1867-68 च्या भावांनी तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल आणि मीठ एवढ्याचा हिशेब मांडून जगायला माणशी वर्षाला 16 ते 35 रुपये लागतात, असं त्यांनी काढलं. हे वाचलं तेव्हा बेनची वही समोरच होती, वांगी-मेथीची.

बेननी विचारलं, ‘तो मारो खर्च केटलो थयो?’ मी दोन्ही आकडे सांगितले, 4,280 आणि 4,410. त्या म्हणाल्या, दुसरा लिहा.