खेट्याची थंडी

पहाटे साडेतीनला कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर मी चप्पल काढून सॅकमध्ये कोंबली, तशी आत्ती ओरडलीच. "पिशवीत कशाला घेतलास? घरातच ठेवून यायचं असतंय ते." सॅकच्या बंदाला एक थर्मामीटरही लोंबत होता, मित्राच्या पोल्ट्रीतला जुना. तो तिनं हातात धरून बघितला. "आता ह्यो कशाला? देवाला ताप आलाय व्हय?"

पारा चौदावर होता.

माघात सुरू होणाऱ्या जोतिबाच्या पाच खेट्यांपैकी, म्हणजे रविवारच्या अनवाणी फेऱ्यांपैकी, हा पहिला रविवार. दैत्यांना मारून केदारनाथ, म्हणजेच जोतिबा, हिमालयाकडं परत निघाले, तेव्हा त्यांना थांबवायला अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी डोंगरावर गेली, म्हणून आपणही जायचं, असं आत्तीच्या आजीपासून चालत आलंय. मला या कथेत मजा वाटते ती हवामानाची. तिकडचं केदारनाथ ३,५८३ मीटरवर, मागचं शिखर ६,९४० मीटरचं. माघात तिथं बर्फ, दारं बंद, देवाची पूजा खाली उखीमठात. इकडं वाडी रत्नागिरीवर, जोतिबाच्या डोंगरावर, मात्र त्याच नावाचा देव गुलालात न्हाऊन निघालेला. डोंगर जेमतेम ३,१०० फुटांचा, आणि कोल्हापूरच मुळात अठराशेवर. म्हणजे चढ तेराशे फुटांच्या आसपासचा. देवानं हवा बघूनच मुक्काम हलवला असणार, असं मी म्हणालो तर आत्तीनं नुसतं बघितलं.

वडणगे, निगवे मागं पडलं. अनवाणी पायांना रस्त्याची ओळख वेगळीच होते. डांबर गारठलेलं, साइडपट्टीची माती त्याहून गार, आणि उसाला रात्री पाणी सोडलेल्या शेताजवळून गेलं की गारवा घोट्यापर्यंत चढतो. कुशिऱ्याच्या अलीकडं पारा तेरावर उतरला. तिथं एका गुऱ्हाळाची चुलवाण पेटलेली. चिमणीतून धूर सरळ वर निघाला, पंधरा-वीस हात चढला आणि वर छत लागल्यासारखा थांबून आडवा पसरत गेला. उसाच्या शेंड्यांवर कुणी राखाडी वाकळ अंथरावी तसा. काकवीचा वास त्या वाकळेखाली कोंडून राहिलेला.

त्या धुरावरून मी आत्तीला समजवायला लागलो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन निवत जाते, तिला लागून असलेली हवाही निवते. गार हवा जड. ती डोंगरउतारांवरून घरंगळत पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. धूर त्या झाकणाला टेकून अडतो. "म्हंजे वर ऊब हाय?" तिनं विचारलं. बघूया म्हटलं.

गायमुखापासून चढ सुरू झाला. निम्म्या वाटेवर दम खाताना पारा बघितला, सतरा! आत्तीनं शाल सोडून कमरेला बांधली होती, तीही थर्मामीटर न बघता. हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात हे शाळेपासूनचं गणित. त्या हिशेबानं वर दोन-अडीच अंश गार लागायला हवं होतं. दिवसा तसं लागतंही. पण माघाच्या पहाटे गणित उलटं. दुलई नदीकाठच्या पेठांना जास्त लागते, डोंगराला नाही.

वर पोचता पोचता तळव्याखालचा दगड बदलतो. खाली काळा, गुळगुळीत. माथ्याकडं तांबडा, भोकाभोकांचा जांभा. खवणीवर पाय दिल्यासारखा टोचतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर खाली, आणि पाऊस-उन्हानं त्याच दगडाचा वरचा भाग झिजून, गंजून झालेली ही टोपी. माथा सपाट तो त्यामुळंच. पश्चिमेला पन्हाळा दिसतो, त्यालाही अशीच टोपी. पन्हाळ्याच्याही पलीकडं, घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कोल्हापुरात हजाराच्या आसपास, पूर्वेला शिरोळात त्याच्याही निम्मा. शंभर किलोमीटरच्या आत एवढा फरक! जोतिबा या उताराच्या अधेमधे, म्हणून श्रावणात इथं समोरचं शिखर धुक्यात गडप असतं आणि चैत्रात हंडाभर पाण्यासाठी ओढाताण.

१७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलेलं देऊळ काळ्या दगडाचं. चांगभलंचा गजर, गुलाल-खोबरं, रांगेत दीड तास. त्याबद्दल काय सांगायचं, गेलेल्यांना माहीत आहे.

मधले तीन खेटे सरळ गेले, एका काट्याचा अपवाद सोडला तर. पाचव्याला माझ्यामुळंच निघायला उशीर झाला, दर्शन होईस्तोवर बारा वाजले. धुकं कधीच संपलेलं, पारा तेहेतीसवर, तोही सावलीत. आवारातली काळी फरशी तव्यासारखी तापलेली. लोक एका सावलीतून दुसऱ्या सावलीत टाचांवर पळत होते. मीही उड्या मारत एका ओवरीजवळ आलो. आत्ती तिथं आधीच पोचलेली. तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी फरशीवर ओतलं.

"हुबा ऱ्हा हितं," म्हणाली. आणि मग सॅकच्या बंदाकडं बोट दाखवून, "आता किती दावतंय?"