कन्नड लिपीतली मराठी यादी

बेळगावच्या वडगावातला, माग चालवणारा एक विणकर भर पावसाच्या दुपारी माझ्याकडे समुपदेशनाला आला. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) झोप रोज रात्री अडीचला मोडायची. "डोस्क्यात नुसता बाजार भरलाय की सर." बाजारात काय काय आहे विचारलं, तर तीनच गोष्टी सांगता आल्या, त्याही फिरून फिरून. हे नेहमीचंच. मनात एका वेळी चारेक गोष्टीच मावतात. पाचवी आली की एखादी निसटते, आणि निसटू नये म्हणून माणूस घोकत बसतो.

शंभर पानी वही दिली, पेन दिलं, घड्याळ १५ मिनिटांचं लावलं. एका ओळीत एकच गोष्ट. क्रम लावायचा नाही, खोडायचं नाही, पेन अडलं तर शेवटचाच शब्द पुन्हा लिहायचा. मोबाइलवर नको, यादी उघडायला जावं आणि मेसेज वाचत बसावं, असं होतं.

"मराठीत लिहू की कन्नडात?" घरची भाषा मराठी, शाळा कन्नड. म्हटलं, हात जिकडे पळेल तिकडे. त्यांनी मराठीच लिहिली, पण कन्नड अक्षरांत: मागाचं बीम (सुताचा रूळ) भरायला सांगणे, आईच्या गोळ्या, बँक.

सहाव्या मिनिटाला पेन थांबलं. बहुतेक जण इथंच वही मिटतात आणि फसतात. तोवर कागदावर आलेलं असतं ते रोज घोकलेलंच. तळातलं त्यानंतर वर येतं. त्यांच्या २७ ओळींपैकी शेवटच्या सात थांबल्यानंतरच्या. त्यांतली एक, 'उताऱ्यावर भावाचं नाव', इतकी दाबून लिहिलेली की खालच्या पानावर उमटली होती.

मग खुणा केल्या. आपल्या हातातलं काम त्याला टिंब, दुसऱ्याच्या हातातलं त्याला गोल, कुणाच्याच हातात नाही त्याला फुली. टिंबं नऊच निघाली, फुल्या अकरा! पण नुसतं 'बँक' लिहून डोकं सोडत नाही. 'सोमवारी ११ वाजता पासबुक घेऊन जाणे, हप्त्याची तारीख विचारणे' असं लिहिलं तरच सोडतं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांतही हेच दिसलं: काम अजून व्हायचंच होतं, तरी केव्हा-कुठे-कसं ठरल्यावर ते मध्ये मध्ये डोकावेनासं झालं. उताऱ्याच्या ओळीपुढे मी वाटणीचं काही लिहू दिलं नाही. 'गुरुवारी भावाला चहाला बोलावणे' एवढंच.

रात्रीसाठी वेगळी रीत. निजण्याआधी ५ मिनिटं, फक्त उद्यापासूनची कामं. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग एकाच रात्रीचा, त्यामुळे फार मोठं काही समजू नये, पण पाच मिनिटांत जातंय काय?

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. एका व्यापाऱ्याशी झालेलं भांडण ते रोज रात्री नव्याने लिहू लागले, चार-चार पानं, आणि अडीचची जाग परत आली. घोकणंच ते, फक्त आता कागदावर. मन मोकळं करायचं लिखाण निराळं. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६ च्या अभ्यासात ते रोज १५ मिनिटं, चारच दिवस होतं, आणि लिहून उठल्या उठल्या मन उलट जड होतं. म्हणून ते दिवसा करायचं. रात्रीच्या वहीत ज्या ओळीला 'जाणे', 'विचारणे' असं पुढच्या कामाचं क्रियापद नाही ती लिहायचीच नाही, असं ठरवलं. (जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर वहीवर थांबू नये, डॉक्टर गाठावा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा.)

तिसऱ्या खेपेला वही निम्मी भरली होती. उताऱ्याच्या ओळीपुढे नवी ओळ होती, तलाठ्याकडे जायची. अक्षरं अजून कन्नडच. बायकोची शाळा मराठी, तिला कन्नड पाट्या वाचण्यापुरतंच येतं. विचारलं, हात पळतो म्हणून कन्नडात, की घरात कुणी वाचू नये म्हणून?

"दोन्ही की सर."