तुम्ही विचारलंत म्हणून: गच्चीवर फोन धरून मी काय मोजते?

"ताई, मोबाइल म्हणजे काय सरकारी यंत्र आहे का? त्यातला आकडा कोण धरणार?" गल्लीतल्या बहुतेकांनी हे मला एकदा तरी विचारलंय. रोज रात्री साडेदहाला मी दहा मिनिटं गच्चीवर फोन घेऊन गल्लीतल्या यंत्रमागांचा आवाज मोजते, म्हणजे विचारणारच.

उत्तर अण्णांपासून सुरू होतं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. आई दारात बसून विड्या वळायची, अण्णा चादरीच्या मागावर. यंत्रमागात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो आणि दरवेळी आदळतो. एका पत्र्याखाली असे पंधरा-वीस माग चालले की आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. अण्णा घरीसुद्धा आमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, किती मन लावून ऐकतात.

आठ-आठ तास, वर्षानुवर्षं 85 डेसिबलच्या वरचा आवाज सोसला की आतल्या कानातल्या केसपेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. त्यातच स, श, त ही अक्षरं. नातीचा आवाज अण्णांपर्यंत पोहोचायचा, शब्द पोहोचायचे नाहीत. त्यांच्या कारखान्यात आवाज मोजायला कुणी आल्याचं त्यांना कधी आठवलं नाही.

आता तुमचा प्रश्न. फोनचा आकडा पुरावा नव्हे, हे अगदी खरं. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला. फार मोठा आवाज त्याला पेलत नाही, आणि शेजारी-शेजारी ठेवलेले दोन फोन वेगवेगळे आकडे दाखवतात. म्हणून मी माझा फोन एका प्रयोगशाळेत ध्वनिमापकाशेजारी ठेवून दोघांतला फरक लिहून घेतला. आता प्रत्येक नोंदीत तो धरते. फोन तोच, गच्चीचा कोपरा तोच, कव्हर काढलेलं. वारा सुटला की नोंद नाही. असं केलं की एखादा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण कालच्या आणि आजच्या रात्रीतला फरक खरा असतो.

एक चूक मीही केली, ती सांगते. डेसिबलची साधी सरासरी काढायची नसते. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दहापट. अर्धा वेळ 50 आणि अर्धा वेळ 70 असेल तर सरासरी 60 नव्हे, 67 येते. हे कळल्यावर तीन महिन्यांची वही पुन्हा लिहावी लागली.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 ही मर्यादा. ती 10 किंवा त्याहून जास्त डेसिबलने ओलांडली गेली की कोणीही तक्रार करू शकतो. मग खरी मोजणी सरकारी यंत्रानेच व्हायची. पण ते यंत्र आणायचं कधी? आमच्याकडे एकदा माणूस आला तो भर दुपारी, वीज गेलेली असताना. माग बंद, गल्ली शांत. तसंच लिहून गेला. आवाज सतत मोजणारी केंद्रं 2011 पासून देशात उभी राहिली, ती 7 मोठ्या शहरांत. त्यांत सोलापूर नव्हतं. म्हणून माझी वही एवढंच सांगते: कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या कोपऱ्यावर या.

काही जण दबक्या आवाजात विचारतात, "मागवाल्यांच्या पोटावर पाय देणार का?" नाही हो. त्याच मागांनी मला शिकवलं. मागाखाली रबराचे पॅड बसवावेत, रात्री गल्लीकडचं दार लावावं आणि आत काम करणाऱ्याच्या कानात बोळे असावेत, एवढंच माझं मागणं. त्यातही बोळे सगळ्यांत आधी. गच्चीवर आवाज येईपर्यंत तो बराच विरलेला असतो. आतल्या माणसाला तो सबंध पाळीभर जसाच्या तसा मिळतो.

तुमच्या गल्लीत मोजणार असाल तर या, फोन जुळवून देते. फक्त पहिली नोंद करण्याआधी शेजारच्या कारखान्यात जाऊन काय करताय ते सांगा, आणि आतल्या कामगारांना त्यांच्या जागेवरचा आकडा दाखवा.