औषध होतं, पण घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते

एफ्लॉर्निथिन या औषधाची गोष्ट वाचल्यापासून ती डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

आफ्रिकेत त्सेत्से माशी चावून स्लीपिंग सिकनेस होतो. परजीवी मेंदूत शिरला की माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो, दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा, आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक वेळा जातोच. यावर कित्येक वर्षं मेलार्सोप्रॉल द्यायचे, म्हणजे आर्सेनिकवालं इंजेक्शन, शिरेतून जाताना नुसती आग व्हायची आणि शंभरातले पाचेक पेशंट त्या औषधानेच मरायचे. एफ्लॉर्निथिन मुळात कॅन्सरसाठी शोधलेलं, तिथे फारसं चाललं नाही, पण या आजारात कोमात गेलेली माणसं त्याने उठून बसली! १९९० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत उत्पादनच बंद, कारण ज्यांना ते हवं होतं त्यांच्याकडून नफा होणार नव्हता. मग तेच औषध बायकांच्या चेहऱ्यावरचे केस कमी करायच्या क्रीममध्ये आलं, कारण त्याला गिऱ्हाईक होतं. शेवटी एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था) आणि डब्ल्यूएचओने पाठपुरावा केला तेव्हा कुठे २००१ मध्ये पेशंटसाठी फुकट पुरवठ्याचा करार झाला.

१९७५ ते १९९९ मध्ये जगात १,३९३ नवी औषधं आली, त्यातली उष्णकटिबंधीय आजारांसाठी फक्त १३. हा आकडा मी दोनदा तपासून बघितला.

अमेरिकेने २००७ मध्ये व्हाउचरची स्कीम काढली, अशा आजाराचं औषध मंजूर करून घ्या आणि दुसऱ्या कुठल्याही औषधाच्या मंजुरीचा रिव्ह्यू लवकर करून मिळवा, शिवाय व्हाउचर विकताही येतं. कल्पना चांगली वाटते, पण काळा आजारावरच्या (वाळूमाशी चावून होणारा परजीवीचा आजार) मिल्टेफोसिन या औषधाचं व्हाउचर २०१४ मध्ये साडेबारा कोटी डॉलरला विकलं गेलं आणि ते औषध भारतात २००२ पासूनच मंजूर होतं. नवीन संशोधन कुठे झालं यात? आणि पेशंटला ते परवडेल अशी अटसुद्धा नव्हती, हे मला अजिबात पटत नाही.

मला पटतो तो डीएनडीआयचा मार्ग. अशा दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणारी, २००३ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था, सरकारं आणि देणगीदार आधीच पैसे देतात, त्यामुळे खर्च विक्रीतून वसूल करायची गरजच नाही. त्यांनी जुनी संयुगं चाळताना स्लीपिंग सिकनेससाठी फेक्सिनिडॅझोल शोधून काढलं, १९८० च्या दशकात बाजूला टाकून दिलेलं. २०१८ मध्ये युरोपियन नियामकांनी त्याला हिरवा कंदील दिला. आता बऱ्याच पेशंटना सलाइनमधून औषध घ्यावं लागत नाही, दहा दिवस गोळ्या घ्यायच्या, बस.