नेमका कुठला दात?

रूट कॅनल सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डोकं फिरलं ते त्याआधीच्या फॉर्मनं. काउंटरवर 32 दातांचं चित्र छापलेला कागद हातात दिला. "दुखणाऱ्या दातावर गोल करा. एकच करा." अख्खा उजवा गाल ठणकतोय, कानापर्यंत कळा जातायत, वरचा की खालचा तेच समजत नाही, आणि म्हणे एकच! 16 आणि 46 (चित्रात उजवीकडच्या वरच्या आणि खालच्या सहाव्या दाताचे नंबर), दोन्हींवर गोल केला तर नवा कोरा फॉर्म मिळाला. रिकामा ठेवला तर "असा आत घेत नाहीत."

डॉक्टर मॅडम मात्र म्हणाल्या, पेशंटला सांगता येत नाही हे नेहमीचंच. दाताच्या पोटात पल्प असतो, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा. त्याला कळ समजते, पण ती कुठून येते ते नीट सांगता येत नाही. दाब नेमका कुठे पडतोय ते कळतं मुळाभोवतीच्या तंतूंमधून. सूज तिथवर पोचली, की टिचकी मारताच दात सापडतो. माझी अजून आतच होती. पल्पभोवती डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, कडक भिंती, सुजायला जागा नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि तो दाब अजून वाढतो. रात्री ठणका का वाढायचा, ते तेव्हा कळलं. एक्स-रेतही काही दिसेना.

"काढूनच टाका," मी वैतागून म्हणालो.

"कुठला?"

मग थंड स्प्रे मारलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावला. डेंटिनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात. थंडीनं त्यांतला द्रव हलतो आणि नस जागी होते. चांगल्या दाताची कळ बोळा काढला की गेली. वरच्या सहाव्या दाताची, म्हणजे 16 नंबरच्या दाढेची, रेंगाळतच राहिली. खात्रीसाठी भुलीचं इंजेक्शन फक्त वरच दिलं, आणि ठणका थांबला. इतकं हायसं वाटलं की बिलाचा आकडा ऐकूनही काही वाटलं नाही.

डॉक्टरकडे जाण्याआधी पेनकिलर घेतली असेल तर आधीच सांगा, नाहीतर ही थंडाची चाचणी फसू शकते. थंडानं दुखतं की गरमानं, आणि नंतर किती वेळ, हेही लक्षात ठेवून जा. गोल करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. रूट कॅनलनंतर दाढेवर बसवायच्या कॅपचा खर्च मात्र टाळू नका. पोखरलेली दाढ कॅपशिवाय चावताना तडकू शकते, आणि तडा मुळापर्यंत गेला तर ती काढावीच लागते.