हजेरी

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला होता, त्या आठवड्यात माझा भाचा युनिफॉर्मचा माल पोचवून टेम्पोतून परत येत होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नाक्यावर रात्री पोलिसांनी गाडी अडवली. गाडीची कागदपत्रं नीट होती. मग आधार कार्ड मागितलं. पत्त्यात 'सेटलमेंट, सोलापूर' वाचलं आणि साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. समोरून एक फोटो, डावीकडून एक, उजवीकडून एक. क्लीनरचा फोटो काढला नाही. त्याचा पत्ता अक्कलकोट रोडचा. "साहेब, कशाला?" असं विचारल्यावर "सिस्टिमला चेक करायचंय" एवढंच म्हणाले. पाच मिनिटांत सोडलं. गुन्हा नाही, अटक नाही, कुठं सही नाही.

"मामा, ते फोटो आता कुठं असतील?" दुसऱ्या दिवशी माझ्या फोटो स्टुडिओत येऊन त्यानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही कैकाडी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पुढं आम्हीही आलो. माझा आज्जा सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड वाढला. रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. पण आज्जा म्हातारपणीसुद्धा दिवस मावळायला हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहायचा. लहानपणी मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघतोय.

अठरा वर्षं मी पासपोर्ट फोटो काढतोय. मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक फुगतं, कान मागं जातात. डोक्यावर ट्यूबलाइट असली की डोळ्यांखाली खड्डे दिसतात. पांढऱ्या पडद्याला उजेड जुळवला की आमच्यासारखा सावळा चेहरा काळवंडतो, नाकाची कड गालात मिसळून जाते. पोलिसांचं चेहरा ओळखणारं मशीन या असल्या फोटोचेच आकडे करतं आणि दुसऱ्या फोटोच्या आकड्यांशी ताडून बघतं. वर टांगलेल्या सीसीटीव्हीतला चेहरा तर निम्मा कपाळच असतो. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनं २०१९ मध्ये असे चेहरे जुळवणारे १८९ अल्गोरिदम, म्हणजे मशीनचे प्रोग्रॅम, तपासले. त्यातल्या कित्येकांत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट जास्त निघाली. मला नवल वाटलं नाही.

डेट्रॉईटच्या रॉबर्ट विल्यम्स यांना जानेवारी २०२० मध्ये बायको-पोरींदेखत बेड्या घातल्या. दुकानातल्या घड्याळांच्या चोरीचं अंधुक चित्रण आणि त्यांच्या जुन्या लायसन्सचा फोटो मशीननं जुळवला होता. चौकशीत त्यांनी चित्रणातल्या चोराच्या फोटोचा कागद उचलून स्वतःच्या तोंडाशेजारी धरला. जवळपास तीस तास कोठडीत काढल्यावर सुटले. २०२४ च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांनी मान्य केलं, की नुसत्या मशीनच्या जुळणीवर कुणाला अटक करायची नाही. आपल्याकडं दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं होतं, की ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की ते जुळलं असं धरतात. सख्खे भाऊ माझ्याकडं फोटो काढायला येतात तेव्हा पाकिटं बदलतात हो कधीकधी, आणि मी तर त्यांना समोर बसवून बघितलेलं असतं.

पण मला झोप लागत नाही ती याच्याही पुढच्या गोष्टीनं. मशीन फक्त आपल्या फोल्डरमधल्या चेहऱ्यांतूनच उत्तर देतं. त्या फोल्डरमध्ये आमच्या वस्तीतली पोरं पत्ता बघून भरली, तर चोरी कुणीही करो, नाव कुणाचं निघणार? २०२२ च्या कायद्यानं अटक झालेल्यांचे फोटो, ठसे, बुबुळं घेऊन त्या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. भाच्याला तर अटकही नव्हती. तो २२ वर्षांचा आहे.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि कारणापुरताच हात घालायला हवा. म्हणून परवा रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. फोटो कुठल्या कलमाखाली काढले? कुठं साठवले? कधी पुसणार? दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवला.

भाच्यानं सही केली आणि विचारलं, "मामा, फोटो लावायचा का अर्जाला?"

लागत नाही म्हटलं. नको लावू.